आराखड्यात नसलेला इसम

टक्कर सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झाली, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये झाली आणि अगदीच किरकोळ झाली, या तीन गोष्टींवर इमारतीत पूर्ण एकमत आहे. चौथी गोष्ट निघाली की मात्र जिन्यातच गट पडतात. चूक कोणाची?

सांगायला बसण्याआधी मी तटस्थ आहे हे नोंदवून ठेवतो. तटस्थपणा हा माझा पेशाच आहे. परीक्षा मंडळाच्या फेरतपासणी विभागात मी एकवीस वर्षं काढली आहेत. दुसऱ्यानं तपासलेली उत्तरपत्रिका हातात घ्यायची आणि कुठं अर्धा गुण द्यायचा राहिलाय, कुठं अर्धा जास्त पडलाय ते शोधून काढायचं, हे माझं काम. घरी मी सामानाची यादीसुद्धा हिरवं पेन घेऊन वाचतो असं बायको म्हणते. ते अर्धंच खरं आहे, कारण कधीकधी पेन सापडत नाही.

तर घटना अशी. आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या समोरासमोर दोन रांगा आहेत आणि मधून एक गल्ली जाते. गाड्यांची तोंडं भिंतीकडे आणि पाठी गल्लीकडे, म्हणजे बाहेर पडायचं तर प्रत्येकानं रिव्हर्समध्येच यायचं. आमच्या बरोबर समोर पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची गाडी असते. त्या सकाळी बायको आमची गाडी मागे घेत होती आणि नेमके त्याच मिनिटाला डॉक्टरही त्यांची मागे घेत होते. मी नेहमीप्रमाणे गल्लीत खांबापाशी उभा राहून बायकोला हातानं "ये, ये" करत होतो. अर्ध्यात आल्यावर ती एकदम थांबली. मी हात करतच होतो. तेवढ्यात डॉक्टरांच्या गाडीचा कोपरा आला आणि आमच्या मागच्या दिव्यावर बसला. आवाज म्हणाल तर ओट्यावरून वाटी पडावी एवढाच.

त्यानंतर मी जे पहिलं वाक्य बोललो ते असं: "अगं, मी ये म्हणतोय ना! मग मध्येच थांबलीस कशाला?"

आमच्या पार्किंगमध्ये आवाज घुमतो. माझं वाक्य तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं असं नंतर कळलं. गाडी परत जागेवर लावून बायको उतरली, किल्ली माझ्या हातात दिली, पर्स घेतली आणि बसस्टॉपच्या दिशेनं चालायला लागली. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं ती किल्ली माझ्याकडून मागून घेतली आणि संपलेल्या बॅटऱ्या, रबरबँड आणि निकामी चष्मे असतात त्या खणात टाकून दिली.

"गाडी आता तुम्हीच चालवा," ती म्हणाली. "मला नाही जमायचं हे."

हे वाक्य मला लागलं, कारण त्यामागे काय आहे ते मला माहीत होतं. बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिची शाखा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला हलवली, तिथं जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि त्यांतली दुसरी मनात येईल तेव्हा येते. माझं ऑफिस नेमकं उलट्या दिशेला. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली, पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाली आणि गेले सहा आठवडे स्वतः गाडी घेऊन जात होती. संध्याकाळी आली की कुठला रस्ता खणलाय, कुठला सिग्नल बिघडलाय हे मला अशा थाटात सांगायची, की जणू गावाचा कारभार तीच बघते. आता ती पुन्हा पहाटे उठून डबा भरायला लागली होती आणि रस्त्यांबद्दल एक अक्षर बोलत नव्हती.

तेव्हा मी ठरवलं, की हिची चूक नव्हती हे कागदोपत्री सिद्ध करायचं. ते झालं की किल्ली खणातून आपोआप बाहेर येईल. हे माझं उघड कारण. दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नाही, ते म्हणजे मला भयंकर उत्सुकता लागली होती. दोन गाड्या आपटतात, दोन्ही चालक म्हणतात मी नाही त्यातला, आणि तरी कुठंतरी कोणीतरी बसून चूक कोणाची ते ठरवतो. तो ठरवतो कसा? त्याच्याकडे आदर्श उत्तरपत्रिका असते का?

सुरुवात इमारतीपासून केली, कारण सल्ला घ्यायला वर जावं लागत नाही, तो जिन्यातच भेटतो. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "यात विचार काय करायचा? मागून येऊन धडकतो त्याची चूक. जगभर हाच नियम आहे."

"पण यात दोघंही मागूनच आले," मी म्हणालो.

सेक्रेटरी दोन पायऱ्या उतरले आणि परत वर चढले. "मग दोघांचीही चूक. आणि पार्किंगमध्ये झाल्यामुळे तिसरी इमारतीची, असं मात्र कुठं लिहू नका."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं मत पडलं, की नवीन चालकाचीच चूक असते. "घाबरून ब्रेक दाबला असणार हो तिनं. तुम्हीच नाही का ओरडलात, मध्येच का थांबलीस म्हणून? आम्ही सगळ्यांनी ऐकलं." म्हणजे माझंच वाक्य साक्षीदार म्हणून माझ्याच बायकोविरुद्ध उभं राहिलं होतं. मी काकूंना म्हणालो, की ते वाक्य मी भावनेच्या भरात बोललो. त्यावर त्या म्हणाल्या, की भावनेच्या भरातच माणूस खरं बोलतो. मी तिथून पाय काढता घेतला.

विमा कंपनीला फोन केला तर तिथून तीन गोष्टी मागितल्या. दोन्ही चालकांचे जबाब, घटनास्थळाचा आराखडा आणि पोलिसांचा कागद. मी रजा टाकून पोलीस चौकीत गेलो. टेबलामागच्या साहेबांनी पेन उघडलं.

"कोणी जखमी?"

"नाही."

"मारामारी?"

"छे हो. डॉक्टरांनी उलट चहाला बोलावलंय."

"मग झालंय काय?"

"तेच विचारायला आलोय. चूक कोणाची ते तुम्ही कसं ठरवता?"

साहेबांनी पेन मिटलं. इमारतीच्या आतली जागा खासगी असते, ही टक्कर रस्त्यावर झाली असती तर बघितलं असतं, असं त्यांनी समजावलं. त्यांच्या बोलण्यात थोडी हळहळ होती असं मला वाटलं. मी म्हणालो, कागद तर हवाच आहे. ते म्हणाले, असा कागद आम्ही देत नाही. मी म्हणालो, मग असा कागद तुम्ही देत नाही असा कागद द्या. पाऊण तास विचारविनिमय झाला आणि शेवटी तो मिळाला, शिक्क्यासकट. वाटेला लागता लागता मी साहेबांना त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुकाही दाखवल्या, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

घटनास्थळाचं रक्षण मी पहिल्या दिवसापासूनच करत होतो. आमच्या दिव्याच्या काचा जिथं पडल्या होत्या तिथं मी लाल बादली पालथी घातली आणि वर चिठ्ठी चिकटवली: "पुरावा. हलवू नये." पार्किंग झाडणाऱ्या बाई रोज बादलीभोवती गोल झाडायच्या आणि रोज विचारायच्या, "अहो, काचा टाकायच्या असतात का झाकून ठेवायच्या असतात, एकदा काय ते ठरवा." आमची गाडी तिच्या जागेवर, बादली गल्लीत, आणि येणारी-जाणारी प्रत्येक गाडी बादलीला वळसा घालून जायची. दोन जणांनी मला सांगितलं, की या बादलीमुळेच एक दिवस अपघात होईल.

आराखडा काढायला मला चार संध्याकाळी लागल्या. विम्याच्या फॉर्मवर त्यासाठी चार बोटं जागा होती, ती पाहूनच मला हसू आलं. मी आलेखाचा मोठा कागद आणला, फीत घेऊन खांबापासून भिंतीपर्यंत सगळं मोजलं आणि प्रमाणात काढलं. दोन गाड्या, त्यांची चाकं वळलेली, गटाराचं झाकण, रखवालदाराची घडीची खुर्ची आणि त्या वेळी स्कूटरच्या सीटवर झोपलेलं मांजर. डॉक्टर आपला जबाब द्यायला आले तेव्हा कागद बघून थक्क झाले.

"मांजर हुबेहूब आलंय," ते म्हणाले.

डॉक्टर सज्जन माणूस. फॉर्मचा त्यांना कंटाळा, म्हणून जबाब लिहून माझ्याच हाती दिला. "तुम्हाला सवय आहे, तुम्हीच एकदा डोळ्यांखालून घाला." मी घातला. त्यांनी लिहिलं होतं: "मागे कोणी नाही असं पाहून गाडी काढली. आरशात एक हात या, या करताना दिसला. म्हणून येत राहिलो." प्रश्न होता, "आपल्या मते अपघात कोणत्या चालकाच्या चुकीने झाला?" हात हा चालक नव्हे. मी हिरव्या पेनानं समासात लिहिलं, "प्रश्नाशी संबंध नाही", आणि पुढं गेलो.

बायकोचा जबाब तीन ओळींचा होता. "मी मागे येत होते. आरशात समोरची गाडी येताना दिसली. मी थांबले."

"एवढंच?" मी विचारलं. "जरा विस्तारानं लिही ना. पाच गुणांचं उत्तर आहे हे."

"झालं तेवढंच आहे," ती म्हणाली आणि डबा घासायला गेली.

याच सुमाराला विमा कंपनीच्या फोनवरच्या माणसाकडून मला एक गोष्ट कळली आणि मी अक्षरशः उडालो. चूक टक्क्यांत वाटता येते! सगळी याची किंवा सगळी त्याची असं नसतं, साठ-चाळीस असते, सत्तर-तीस असते. एकवीस वर्षं मी जे करत आलो तेच हे. मी रात्रीचं जेवण उरकून लगेच गुणदान योजना आखली. आरसा पाहणे, वेग, हॉर्न, थांबण्याची तयारी, अचानक थांबणे. जेवणाच्या टेबलावर साबणाची डबी आमची गाडी झाली आणि चष्म्याचं घर डॉक्टरांची. कितीतरी वेळा मी ती आपटून पाहिली. प्रत्येक वेळी "अचानक थांबणे" या मुद्द्यावर बायकोचे गुण जायचे. तीन वेळा फेरतपासणी केली तरी तिच्या वाट्याला पंचेचाळीस टक्के चूक आलीच. कागद मी वर्तमानपत्राखाली सरकवला, पण तिनं तो पाहिलाच.

"पंचेचाळीस टक्के," ती वाचत म्हणाली. "म्हणजे मी पास की नापास?"

तिनं कागद नीट घडी करून परत ठेवला. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाला सोडवायला निघालो होतो त्यालाच मी हिरव्या शाईत अडकवून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी विमा कंपनीच्या तपासनीस बाई आल्या. रबरी तळव्याचे बूट, हातात छोटी बॅटरी, खिशात कापूस. मी आराखडा, दोन जबाब, गुणदान योजना आणि चौकीचा कागद क्रमानं लावून उभा होतो. बाईंनी त्यांतलं काहीच घेतलं नाही. त्या सरळ गाडीच्या मागे गेल्या आणि फरशीवर चक्क आडव्या झाल्या. एव्हाना डॉक्टर, सेक्रेटरी आणि काकू गोळा झाले होते. बायको थोडी दूर, जिन्याच्या पायरीवर उभी होती.

"बादलीखाली काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काचा. जशाच्या तशा," मी म्हणालो.

बाई पहिल्यांदा माझ्याकडे आदरानं बघून हसल्या. बादली उचलली. काचा हातभर जागेत एकत्र पडल्या होत्या. "बघा, दोन्ही गाड्या चालत्या असत्या तर काचा लांबवर उडतात, विखुरतात. या एका जागी पडल्यात. आणि हा चेपा बघा." त्यांनी दिव्याखालच्या पत्र्यावर बॅटरी तिरकी धरली. "सरळ आत गेलाय. घसरत गेल्याचा एक ओरखडा नाही. तुमची गाडी उभी होती. नीट, पूर्ण थांबलेली." मग त्या डॉक्टरांच्या गाडीपाशी गेल्या, तिच्या कोपऱ्यावर कापूस फिरवला आणि आमच्या दिव्याचा लाल रंग त्यावर आलेला सगळ्यांना दाखवला. मी श्वास रोखून बघत होतो. पत्रा वाचता येतो, काच वाचता येते, आणि मी मात्र चार संध्याकाळी मांजर काढत बसलो होतो.

"गाडी घाबरून थांबवली असेल," काकू म्हणाल्या.

"घाबरून थांबवली की बहुतेक इंजिन बंद पडतं. बंद पडलं होतं?"

"नाही," बायको पायरीवरून म्हणाली. "मी नंतर तशीच परत जागेवर लावली."

"म्हणजे बघून थांबवली." बाईंनी नोंद केली. मग आराखडा हातात घेतला, दोन-तीन वेळा फिरवून पाहिला. "छान काढलाय. खुर्चीसुद्धा आहे." मी मान लववली. त्यांनी दोन्ही जबाब वाचले. डॉक्टरांच्या जबाबावर त्यांचं बोट थांबलं, माझ्या हिरव्या शेऱ्याच्या बरोबर शेजारी.

"हा हात कोणाचा?"

सेक्रेटरींनी छताकडे पाहिलं.

"माझा," मी म्हणालो. "पण तो मी आमच्या गाडीला करत होतो. डॉक्टरांना नव्हे."

"कुठं उभे होतात?"

मी खांबापाशी जाऊन उभा राहिलो. बाईंनी डॉक्टरांना त्यांच्या गाडीत बसायला सांगितलं आणि बायकोला आमच्या. बायको क्षणभर थांबली, मग येऊन बसली. "आता त्या दिवशी करत होता तसा हात करा," बाई मला म्हणाल्या. मी केला.

"दिसतो," डॉक्टर म्हणाले.

"दिसतो," बायको म्हणाली.

"एक हात आणि दोन आरसे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. मग त्यांनी माझा आराखडा माझ्यापुढे धरला. "यात तुम्ही कुठं आहात?"

मी कागद पाहिला. खांब होता, झाकण होतं, मांजर होतं. खांबाशेजारची जागा कोरी होती. शपथेवर सांगतो, मी लपवाछपवी केली नव्हती. एकवीस वर्षांत उत्तरपत्रिकेत परीक्षक स्वतः कधी सापडला नव्हता, त्यामुळे तिथं शोधायचं मला सुचलंच नव्हतं.

"आणि मॅडम, तुमच्या जबाबात यांच्या हाताचा उल्लेख का नाही?" बाईंनी बायकोला विचारलं.

"फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता," बायको म्हणाली.

बाईंचा अहवाल आठवड्यानं आला. उभ्या असलेल्या गाडीच्या चालकाची चूक शून्य. चालत्या गाडीच्या चालकानं इशाऱ्यावर विसंबण्याआधी स्वतः मागे पाहायला हवं होतं, म्हणून चूक त्याची. आणि खाली, "इतर कारणे" या रकान्यात: "बाहेर उभ्या असलेल्या इसमाने केलेले दिशाभूल करणारे हातवारे." मी इसम झालो होतो. माझ्या नावावर एक टक्काही नव्हता. टक्के फक्त चालकांना मिळतात आणि पायी माणूस हिशेबात धरत नाहीत. मी फोन करून माझ्या वाट्याची चूक मला मिळावी अशी विनंती केली. असा फॉर्म नाही, असं उत्तर मिळालं.

तेव्हा मी ते काम स्वतः केलं. आधी डॉक्टरांकडे गेलो आणि समासातला हिरवा शेरा मागे घेतला. ते म्हणाले, "अहो, तुम्ही इतक्या खात्रीनं हात करत होता की मला मागे बघायची गरजच वाटली नाही. माझे पेशंट माझ्यावर एवढा विश्वास ठेवत नाहीत." आणि त्यांनी खरंच चहा पाजला.

मग घरी आलो. बायको टेबलापाशी बसून उद्याच्या बसचं वेळापत्रक बघत होती. मी अहवाल तिच्यासमोर ठेवला आणि एकदाचं बोलून टाकलं, "चूक माझी होती. तू थांबलीस तेच बरोबर होतं. आणि नेमकं तेवढ्याचसाठी मी तुझ्यावर सगळ्यांदेखत ओरडलो."

तिनं अहवाल पूर्ण वाचला. "इसम" या शब्दावर ती किंचित हसली. मग बराच वेळ वेळापत्रकाचा कोपरा दुमडत बसली.

"सहा आठवडे इथून गाडी काढताना मी आरशात गाड्या बघतच नव्हते," ती म्हणाली. "तुमचा हात बघायचे. हात ये म्हणाला की यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मी हात सोडून गाडी बघितली, आणि माझी मी थांबले. मला इतकं बरं वाटलं होतं हो, दिवा फुटला तरी. म्हटलं, आलं मला. आणि तेवढ्यात तुम्ही..."

पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती. ते तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

सोमवारी सकाळी खण उघडल्याचा आवाज आला. मी दाढी अर्धी टाकून बाहेर आलो, तर बायको रबरबँडमधून किल्ली सोडवत होती. "खाली यायचं असेल तर या," ती म्हणाली. "पण खांबापाशी नाही, भिंतीला लागून उभं राहायचं. आणि हात खिशात."

मी भिंतीला लागून उभा राहिलो, एका गालाला साबण, दोन्ही हात खिशात. बायकोनं गाडी सुरू केली. समोर नेमके डॉक्टरही निघत होते. त्यांनी काच खाली करून सवयीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी सवयीनं पाहू नये म्हणून छताकडे पाहिलं. बायको अर्ध्यापर्यंत आली, थांबली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, डॉक्टरांना आधी जाऊ दिलं. मग सावकाश, अजिबात घाई न करता गाडी गल्लीत आणली आणि सरळ केली. फाटकातून बाहेर पडताना तिनं हॉर्न वाजवला, रखवालदारासाठी की माझ्यासाठी ते मला ठरवता आलं नाही.

माझा उजवा हात खिशातल्या खिशात दोनदा हलला, हे मी कबूल करतो. पण तो कोणत्याही आरशात दिसला नाही.